कलाबाईचं मनगट

वरवट बकालात कलाबाईला ओळखत नाही असा माणूस भेटला, तर तो नवा तलाठी समजावा, नाहीतर चुकीच्या एसटीत बसून आलेला पाहुणा. बाकी सगळ्या गावानं तिच्या हातचे मांडे खाल्लेले आहेत, आणि खाऊन वर नावं ठेवायची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाट-लाटण्याला हात न लावता केलेली. सैल, तार येईपर्यंत तिंबलेल्या कणकेत पुरण भरायचं, तो गोळा या हातावरून त्या हातावर खेळवत वाढवायचा, मग हात उताणे-पालथे करत त्याला मनगटावरून कोपरापर्यंत पसरू द्यायचा, आणि मलमलीसारखा पातळ झाला की चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झोकात टाकायचा. सांगायला सोपं आहे. ज्यांनी करून पाहिलं, त्यांचं पीठ कोपरावरून थेट जमिनीवर गेलं.

गावची रीत अशी की लग्न लागल्यावर मुलीकडच्यांनी विहिणीला मानाची पंगत घालायची आणि तिच्या ताटात खापरावरून उतरलेला मांडा वाढायचा. त्या पंगतीला खापरापुढे कलाबाई बसलेली नाही असं लग्न गावात आठवायचं म्हटलं तरी आठवत नसे. तिला त्याचा गर्व होता, आणि तोही थोडाथोडका नव्हे. गॅसच्या शेगडीवर तवा उपडा घालून मांडे करणाऱ्या बाया तिनं पाहिल्या होत्या. "त्याले पापड म्हणतात," एवढंच ती बोलायची आणि पुढं चालायची.

तर अशा कलाबाईच्या स्वतःच्या मुलीचं, डिंपलचं लग्न ठरलं. डिंपल मलकापुरात एका शाळेत शिकवायची. मुलगा उंद्रीचा, हरिओम नावाचा, घरची भाजीपाल्याची शेती. साखरपुड्याला मुलाची आई सरस्वतीबाई म्हणाली, "तुमच्या मांड्याचं लय आयकलं. आमच्या उंद्रीत ते कोणाले साधत नाई." झालं. कलाबाई सगळ्यांसमोर बोलून बसली की विहिणीच्या ताटात पहिला मांडा माझ्या हातचा पडेल, आणि असा पडेल की त्यातून ताटावरची नक्षी दिसेल. दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात धूर खाल्ला, आता आपल्या पोरीच्या लग्नात मान खायचा, असा तिचा साधा हिशेब होता.

आणि फाल्गुनात ती पडली.

पडायचं कारण काही मोठं नव्हतं. कुरडया वाळत घालायला गच्चीवर चढली होती. उतरताना ओल्या फडक्यावर पाय गेला आणि मागं जाताना तिनं उजवा हात टेकला. आवाज तिनं स्वतः ऐकला. खाली आली तेव्हा मनगट पाइपाच्या बाकासारखं वळलेलं होतं. ही उपमा तिच्या नवऱ्याची, पंजाबरावांची. पंजाबराव विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात, आणि जगातली कोणतीही गोष्ट त्यांना मोटार, पाइप किंवा इस्क्रू यांपैकी कशासारखी तरी दिसतेच.

नांदुऱ्यावरून गाडी करून ते तिला मलकापूरला हाडाच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर निशिगंधा मॅडम हाताच्या आणि कोपराच्या ऑपरेशनसाठी त्या भागात नावाजलेल्या. त्यांनी फोटो पाहिला आणि सांगितलं की हाड मनगटाच्या सांध्यात चिरलं आहे, नुसतं प्लास्टर घातलं तर तुकडे सरकतील आणि हात वाकडा राहील. आत प्लेट बसवावी लागेल.

"लोखंडाची का?" पंजाबरावांनी विचारलं. "जंग लागीन मंग."

"टायटॅनियमची. जंग लागत नाही."

पंजाबरावांनी मान डोलावली. आपल्या दुकानात असली वस्तू कधी आली नाही याचं त्यांना क्षणभर वाईट वाटलं असावं.

कलाबाईनं एकच विचारलं, "मॅडम, वैशाखात माह्या पोरीचं लग्न हाये. मांडे होतीन का?"

मांडे म्हणजे काय हे डॉक्टरांना सांगावं लागलं नाही, त्या नांदुऱ्याकडच्याच. पण हात कसा फिरतो ते त्यांनी तिच्या धड असलेल्या डाव्या हातानं करून दाखवायला लावलं. तळहात वर, तळहात खाली, मग कोपर बाहेर. त्यांनी नीट पाहिलं. "ऑपरेशन मी चांगलं करीन," त्या म्हणाल्या. "पण हे जे हाताचं उताणं होणं आहे ना, ते अर्धं माझ्याकडं आणि अर्धं तुमच्याकडं."

ऑपरेशनच्या वेळी फक्त हात बधिर केला होता. कलाबाई टक्क जागी, मधे हिरवा पडदा, पलीकडं काय चाललंय ते दिसत नाही. बारीक घरघर ऐकू आली तशी ती म्हणाली, "भोकं पाडून राह्यले का?"

"हो. तुम्ही बोलत राहा."

कलाबाईला असं कोणी सांगायची गरज आयुष्यात पहिल्यांदाच पडली होती. तिनं गहू कोणता घ्यावा इथून सुरुवात केली. पीठ वस्त्रगाळ करण्यापर्यंत येईतो हाड जागेवर बसलं होतं, आणि पुरणात जायफळ किती, हे चाललं असताना इस्क्रू.

"आणि कणीक किती वेळ तिंबायची?" पडद्यापलीकडून डॉक्टरांनी विचारलं.

"घाम येईपर्यंत."

"कोणाला?"

"दोघाले बी, कणकेले न् मले," कलाबाई म्हणाली. नर्सला हसू आवरेना.

इथपर्यंत सगळं सरळ झालं. घोटाळा पुढं झाला, आणि तो डॉक्टरांचा नव्हता. त्यांनी घरी सोडताना स्वच्छ सांगितलं होतं: बोटं आणि कोपर उद्यापासून हलवायची, आणि टाके निघाले की मनगट रोज थोडं थोडं फिरवायचं. पंजाबरावांनी प्रत्येक वाक्याला "हाव, हाव" म्हटलं होतं. पण घरी आल्यावर त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, प्लेट पाहिली, इस्क्रू पाहिले, "काम साफ हाये" असा शेरा दिला, आणि मग त्यांच्या डोक्यातली मोटार सुरू झाली.

"हे पाह्य," ते म्हणाले, "नव्या फाउंडेशनवर मोटार बसवली का लगेच चालू करते कोणी? धक्क्यानं नट ढिले होतात. इस्क्रू ताजे हायेत. हाडानं धरेपर्यंत हात हलवू नको."

"मॅडमनं तं हलवाले सांगतलं."

"मॅडम सगळ्याईले तसंच सांगतात. मले बत्तीस वर्सं झाले इस्क्रू कसता कसता."

कलाबाईनं आख्ख्या संसारात नवऱ्याचं फारसं काही ऐकलं नव्हतं. घर कुठं बांधायचं ऐकलं नाही, डिंपलला शिकवू नको म्हणाले ते तर अजिबात ऐकलं नाही. ऐकलं ते नेमकं हे. कारण हात हलवला की दुखायचा, आणि दुखणं टाळायला शहाणा सल्ला मिळाला तर तो कोणाला नको असतो? जुन्या साडीची झोळी गळ्यात अडकवून तिनं हात त्यात असा ठेवला जसं पाळण्यात बाळ.

गावही मदतीला आलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई बिस्किटाचा पुडा आणायची आणि जाताना "हलवू नको बरं" म्हणून जायची. शेजारची रुख्मिणी तर सांगून गेली की तिच्या माहेरच्या एकाच्या पायातला इस्क्रू चालता चालता बाहेर आला. तो माणूस कोण, पाय कोणता, हे तिला नीट सांगता आलं नाही, पण तेवढ्यानं कलाबाईनं बोटंसुद्धा हलवणं सोडलं. टाके काढायला गेली तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा सगळं समजावलं आणि व्यायाम शिकवणाऱ्या काजलनं हात धरून करून दाखवला. कलाबाईनं दवाखान्यात केला, आणि गाडीत बसल्यावर हात परत झोळीत.

चैत्रात पुढची तपासणी होती. या वेळी डिंपलही सोबत. डॉक्टरांनी फोटो पाहिला, हाड छान जुळलं होतं. "आता कोपर पोटाला लावा," त्या म्हणाल्या, "आणि तळहात वर करा. प्रसाद घेतो तसा."

कलाबाईनं प्रयत्न केला. हात अंगठा वर करून उभा राहिला आणि पुढं जाईना. तिनं खांदा वाकवला, सगळं अंग वाकवलं, तळहात काही आभाळाकडं पाहीना. बोटं मुठीपर्यंत येत नव्हती. कोपरसुद्धा सरळ व्हायला कुरकुरत होतं.

"घरी फिरवत होता ना?"

"फिरवत होती नं," पंजाबराव म्हणाले.

"नाई मॅडम," डिंपल म्हणाली. "बाबानं झोळीतून काढूच नाई देला. इस्क्रू ढिले होतीन म्हणे."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एरवी त्या पेशंटशी पुस्तकी मराठीत बोलायच्या. चिडल्या की नांदुरा बाहेर यायचा. "पंजाबराव, तुमी मोटारी दुरुस्त करता नं? चांगली मोटार महिनोन्‌महिने बंद ठेवली तं काय होते?"

"जाम होते," पंजाबराव चटकन बोलले. धंद्याचा प्रश्न होता. "आतून धरते. मंग हातानं थोडी थोडी फिरवून..." आणि तिथं ते थांबले. त्यांना आपलाच आवाज ऐकू आला होता.

कलाबाई आपल्या हाताकडं पाहत होती, आणि तिला रडू आलं. डॉक्टरांचा राग तेवढ्यात ओसरला. त्या म्हणाल्या, वेळ गेलेली नाही, पण आता दुखेल. रोज, दिवसातून अनेकदा. पूर्ण वळेल असं त्या आजच सांगणार नाहीत. नाहीच वळला, तर पुढं दुसरं ऑपरेशन करून सांधा मोकळा करावा लागेल. पण ते लग्नाआधी होणारं नाही.

परतीच्या वाटेवर नांदुऱ्यापाशी कलाबाईनं गळ्यातली झोळी काढून टाकली. मग म्हणाली, "माह्या हातात काही मोटार बसवली नव्हती."

"चुकलं," पंजाबराव म्हणाले. हा शब्दही त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी त्यांनी आपल्या पेटीतली सगळ्यात हलकी हातोडी धुऊन-पुसून तिच्यापुढं ठेवली. काजलनं सांगितलेला व्यायाम तोच होता: हातोडी मुठीत उभी धरायची, कोपर पोटाशी, आणि ती हळूहळू उजवीकडं पाडायची, डावीकडं पाडायची. कलाबाईनं पाडली आणि अशी शिवी दिली की कुंपणापलीकडं रुख्मिणीनं कान टवकारले. पंजाबराव समोर पाट मांडून बसले. त्यांनी दुसरी हातोडी घेतली. ती उजवीकडं पाडी, तेही पाडत. ती कण्हली की ते "आणखी जराशी" म्हणत, आणि ती म्हणायची, "तुमचा हात मोडला असता तं बरं झालं असतं."

आठवडाभरानं काजलच्या सांगण्यावरून ओला पंचा आला. तो दोन्ही हातांवर मांड्यासारखा पसरायचा, उताणा-पालथा करत कोपरापर्यंत न्यायचा. पंजाबरावांनीही एक पंचा घेतला. अंगणात समोरासमोर बसून नवरा-बायको पंचे फिरवताहेत हे दृश्य बघायला पोरं-बाया उगाच त्या रस्त्यानं जाऊ लागल्या. कोणी विचारलं तर पंजाबराव म्हणत, "कपडे वाळवून राह्यलो."

मग खरी कणीक आली. पहिले मांडे मनगटाशीच फाटले. मनगटातून सुटले ते कोपराशी फाटले. हात बराच वळत होता, पण शेवटचा थोडा भाग राहत होता, आणि मांडा नेमका त्याच ठिकाणी एका बाजूला ओघळायचा. फाटलेले गोळे पंजाबराव डब्यात भरून शेतात न्यायचे, बैलांना घालतो म्हणून. कलाबाई रोज थोडी चिडायची, रोज थोडी घाबरायची. डिंपल एकदा म्हणाली, "आई, जिलेबी ठेवू विहिणीच्या पंगतीले. त्या समजून घेतीन." कलाबाईनं दिवसभर तिच्याशी बोलणं टाकलं. समजून घेतलेली विहीण तिला नको होती.

शेवटी वाट तिची तिलाच सापडली. हात जिथं अडतो तिथं कोपर जरा बाहेर उचलायचं, म्हणजे उतार सारखा होतो. काजलनं पाहिलं आणि म्हणाली, "चालेल काकू, पण थकला की थांबायचं. मी लग्नाला येणारच आहे, माझं लक्ष राहील."

वैशाखात लग्न लागलं. वऱ्हाडाची जेवणं उरकली, आणि मागच्या अंगणात विहिणीची मानाची पंगत बसली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर खापर, शेजारी आमरसाचं पातेलं आणि तुपाची बरणी. कलाबाईनं नव्या लुगड्याचा पदर खोचला, हात ओले केले आणि गोळा घेतला. सगळ्या बायांच्या माना तिकडं वळल्या. गोळा तळहातावर फुलला, मनगटावरून वर चढला, कोपर बाहेर गेलं, आणि मांडा खापरावर पडला. एक कोपरा जाड होता. पण मांडा सबंध होता. तो तिनं स्वतः उचलून सरस्वतीबाईंच्या ताटात ठेवला, वर तूप सोडलं. सरस्वतीबाईंनी घास घेतला, डोळे मिटले आणि बोटांनीच आणखी मागितला. कलाबाईनं लगेच पुढचा गोळा घेतला.

दुसरा चांगला झाला, तिसरा त्याहून. पण पंगत लांब होती, उंद्रीच्या बाया उत्साहानं आल्या होत्या आणि खातही तशाच होत्या. पुढं पुढं तिचं मनगट थरथरू लागलं. एक मांडा दुमडला. पुढचा फाटून विस्तवात गेला. काजल उठून आली आणि तिचा हात धरला, "काकू, बस आता. हात खाली."

"अर्धी पंगत उपाशी हाये," कलाबाई म्हणाली. गावात खापरावर मांडे करणारी दुसरी कोणी नव्हती. तिनंच कधी कोणाला खापराजवळ फिरकू दिलं नव्हतं, आणि हे त्या क्षणी तिला चांगलंच लागलं. रुख्मिणी जिलेबीचं ताट आणायला निघालीसुद्धा.

तेवढ्यात पंजाबराव आले. वैशाखाच्या उन्हात ते आठवडाभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडत होते. नवरीचा बाप म्हणून रुबाब करत असतील, असं कलाबाईला वाटलं होतं. त्यांनी फेटा काढून डिंपलच्या हातात दिला आणि बाह्या वर सारल्या. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, केसाचा मागमूस नाही.

"हे काय?" कलाबाईनं विचारलं.

"केसाले कणीक चिपकते," पंजाबराव म्हणाले. "न्हाव्याकडून करून घेतलं."

"तुमाले कसं ठाऊक चिपकते म्हणून?"

"मोटारीच्या खोलीत करून पाह्यलं. तुह्ये फाटके गोळे बैलानं नाई खाल्ले."

पंगतीत हशा उसळला. पंजाबरावांनी हात ओले केले. पहिला मांडा त्यांनी असा फेकला की निम्मा खापरावर आणि निम्मा चुलीत. "कोपर बाहेर," कलाबाई म्हणाली. दुसरा खापरावर बसला, आकार नकाशातल्या तालुक्यासारखा, पण बसला. बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. सरस्वतीबाईंनी ताट पुढं केलं आणि म्हणाल्या, "व्याह्याच्या हातचा मांडा म्या जन्मात खाल्ला नाई. मलेच वाढा तो." एवढं ऐकल्यावर प्रत्येकीला व्याह्याच्याच हातचा हवा झाला. नवरीचा बाप घामानं निथळत मांडे टाकत होता, नवरीची आई पाटावर बसून चुका काढत होती, आणि नवरी फेटा धरून इतकी हसत होती की तिचं काजळ पसरलं.

पंगत उठली. भांडी गोळा झाली. कलाबाईनं सवयीनं फाटके, गार झालेले तुकडे आपल्या ताटात ओढले.

"ते ठेव," पंजाबराव म्हणाले. "बस तिथं."

एक गोळा उरला होता. त्यांनी तो सावकाश खेळवला, घाई केली नाही, कोपर बाहेर घेतलं, आणि खापरावर टाकला. भाजून निघाला तसा तिच्या ताटात ठेवला, वर तुपाची धार.

कलाबाई त्याच्याकडं बघत राहिली. पोरगी होती तेव्हापासून ती खापरापुढं बसत आली होती, आधी आईशेजारी, मग एकटी. करणारीला गरम मांडा मिळत नाही. ती उठते तेव्हा जाळ विझलेला असतो. इतक्या लग्नांत, इतक्या पंगतींत, खापरावरून उतरलेला मांडा तिनं स्वतः कधी खाल्लाच नव्हता. लोक एवढं का वाखाणतात हे तिला आज पहिल्यांदा कळणार होतं. तिनं उजव्या हातानं घास मोडला. पुरण जिभेला पोळलं, तूप ओठावरून ओघळलं, आणि तिला इतकं सुख झालं की डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

पंजाबराव ओल्या हातांनी उभे होते. "कसा झाला?"

"काठ जाड राह्यला," कलाबाई म्हणाली, आणि ताट त्यांच्याकडं सरकवलं. "आणखी कणीक भिजवा."